मोर्चा झाला, निवेदन दिलं. कायदा बदलायचा कसा?

प्रश्न असा आला होता: "ताई, आम्ही कात्रज, आंबेगाव, धायरी भागात डिलिव्हरी करणारी पोरं. चारशेच्या आसपास एकत्र आलोय. शनिवारवाड्यापासून कलेक्टर ऑफिसपर्यंत मोर्चा काढला, निवेदन दिलं, पेपरात फोटो आला. पुढं काहीच नाही. खरं सांगा, मोर्च्यानं कायदा बदलतो का? की कंपन्यांची माणसं मुंबईत एक फोन करतात आणि विषय संपतो?"

फोननंही बदलतो, मोर्च्यानंही बदलतो. फोनवाल्यांना दोन-अडीच वर्षं लागतात, मोर्चेवाल्यांना अठ्ठावीस. दोन्ही हिशेब आपल्या पुण्यातले आहेत.

१ एप्रिल २०१३ ला पुण्यात जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, पण लक्ष्मी रोडवर दिवसाढवळ्या शटर खाली असल्याचं घरात कुणालातरी आठवत असेल. बंद मिटला, पण व्यापारी घरी बसले नाहीत. मधे २०१४ च्या निवडणुका आल्या आणि 'एलबीटी काढू' हे प्रत्येकाच्या भाषणात आलं. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी माफ झाला. पन्नास कोटींच्या आत म्हणजे गल्लीतला जवळपास प्रत्येक जण.

दुसरा हिशेब. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. तो कुठल्या पुढाऱ्यानं पुकारला नव्हता. बायकांनी आपसूक कामं बंद केली, संघटना त्यातून उभी राहिली. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला २००८ साली. तोही कल्याण मंडळापुरता. पगार किती, आठवड्याची सुट्टी कधी, याबद्दल त्यात काही नाही.

व्यापाऱ्यांकडे पैसा होता म्हणून त्यांचं झालं, असं तुम्ही म्हणाल. ते खरंय, पण अर्धंच. व्यापाऱ्यांची मागणी एका ओळीची होती: हा कर काढा. प्रत्येक पक्षात वॉर्डापासून वरपर्यंत त्यांचा माणूस होता. आणि त्यांनी दुकान बंद केलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या शहराला कळत होतं. मोलकरणींची अडचण वेगळीच. त्यांचा मालक म्हणजे कुठली कंपनी नव्हती, शहरातलं प्रत्येक मध्यमवर्गीय घर होतं. ज्या अधिकाऱ्यानं फाइलवर टिपणी लिहायची, त्याच्या घरीही सकाळी सातला बाई येतेच. किमान वेतनाचं कलम त्याला आपल्या स्वयंपाकघरातून वाचायचं असतं. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण फाइल कुठं अडते ते त्यावरून समजतं.

तुमची गोष्ट या दोन्हींच्या मधली. मालक कंपनी आहे, तेवढं सोपं. संप मात्र अवघड, कारण तुम्ही ॲप बंद केलं की शेजारचा सुरू करतो आणि त्याला त्या दिवशी इन्सेंटिव्हही जास्त मिळतो.

तुमच्या निवेदनाबद्दल आधी बोलते, कारण त्यावरून मला माझीच फजिती आठवली. नव्वदच्या दशकात आम्ही कष्टकऱ्यांचं एक निवेदन घेऊन मंत्रालयात गेलो होतो. अकरा पानं, एकवीस मागण्या, भाषा अगदी धारदार. रात्रभर जागून लिहिलेलं. संबंधित खात्यातल्या उपसचिवांनी ते शांतपणे वाचलं, चहा मागवला आणि विचारलं, "बाई, यातलं कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमात काय घालायचं, ते कुठंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या माणसाचा राग आला होता, पण तो आमच्या विरोधात नव्हता. त्याला काम करायला कागद हवा होता आणि आम्ही त्याला भाषण दिलं होतं. तुमचं निवेदन मी वाचलं. चौदा मागण्या आहेत. पहिली 'न्याय मिळावा' अशी आहे.

कागद तयार असला की काय होतं, याचं आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं उदाहरण म्हणजे जादूटोणाविरोधी कायदा. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं त्याचा आग्रह धरला तो नव्वदच्या दशकापासून. २००३ पासून मसुदा सरकारदरबारी फिरत होता. अधिवेशनामागून अधिवेशनं गेली. कधी एका सभागृहात पुढं सरकला, दुसऱ्यात अडकला. वारकऱ्यांमधल्या एका गटाला वाटत होतं की उद्या वारीलाच, कीर्तनालाच पोलीस येतील. ही भीती कुणी मुद्दाम पसरवली होती की खरी होती, यावर तेव्हा खूप वाद झाले. माझ्या मते दोन्ही होतं. पण नुसता वाद घालून भीती जात नाही, ती मसुद्यातच मिटवावी लागते. म्हणून मसुदा पुन्हा पुन्हा बदलला गेला. 'अंधश्रद्धा' हा शब्दच नावातून गेला, कारण त्याची कायदेशीर व्याख्या कुणालाच करता येईना. त्याऐवजी नेमक्या कोणत्या कृती गुन्हा, याची अनुसूची आली. आणि कीर्तन, प्रवचन, भजन, हरिपाठ, वारी, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही, हे कायद्यातच लिहून टाकलं. कार्यकर्त्यांमध्ये यावर नाराजी होती. 'दात काढून घेतले' असं मीही तेव्हा म्हटलं होतं.

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळानं वटहुकमाला मान्यता दिली आणि आठवडा उलटायच्या आत तो निघालाही. डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्याचा कायदा झाला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

लोक म्हणतात, त्यांचा बळी गेला म्हणून कायदा आला. मला हे वाक्य कधीच पटलं नाही. महाराष्ट्रात कितीतरी भयंकर घटना घडल्या, लोक रस्त्यावर आले आणि कायदा काही आला नाही. इथं एका दिवसात वटहुकमाला मान्यता मिळू शकली, कारण मसुदा तयार होता. दहा वर्षं घासून घासून त्यातले बहुतेक वाद आधीच झिजले होते. सरकारला त्या दिवशी काहीतरी करून दाखवायचं होतं आणि करण्याजोगी गोष्ट समोर टेबलावर होती. ती नसती तर एक समिती नेमली गेली असती. अशी वेळ आणणं आपल्या हातात नसतं आणि कुणी ती आणायची इच्छाही धरू नये. ती येईल तेव्हा काय पुढं करायचं, तेवढं आपल्या हातात असतं.

याहून कमी माणसांनी केलेलं कामही आहे. चारच माणसं. मथुरा खटला तुम्हाला माहीत नसेल. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातली आदिवासी मुलगी, १९७२ साली पोलीस ठाण्यातच तिच्यावर बलात्कार झाला. उच्च न्यायालयानं पोलिसांना दोषी धरलं होतं, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमतीच होती, असा तर्क. सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार. कोर्टानं निकाल काही बदलला नाही. पण पत्र छापलं गेलं, हातोहात फिरलं, मुंबईत आणि इतरत्र बायकांच्या संघटना त्याच विषयावर उभ्या राहिल्या, मोर्चे निघाले. १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस कोठडीतला बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा झाला. अशा खटल्यात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच कोर्टानं धरायचं, हेही त्यात आलं. पत्रात नेमक्या ज्या तर्कावर बोट ठेवलं होतं, दुरुस्ती बरोब्बर तिथंच झाली. मोर्च्यांशिवाय ते पत्र कपाटात राहिलं असतं. आणि पत्राशिवाय मोर्चे 'न्याय द्या' म्हणून घरी गेले असते.

कधीकधी तुमच्या बाजूनं बोलणारा माणूस तुमचा मित्र नसतो, हेही सांगून ठेवते. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यासाठी जोर लावणाऱ्यांत इंग्लंडातल्या लँकेशायरचे गिरणीमालक होते. मुंबईच्या गिरण्यांतलं स्वस्त, अमर्याद तासांचं श्रम त्यांच्या धंद्याला जड जात होतं. कामगारांबद्दल त्यांना काय वाटत असेल ते सांगायला नको. पण दार किलकिलं झालं, त्यात नारायण मेघाजी लोखंड्यांनी पाय घातला. जोतीराव फुल्यांचे सहकारी, मूळ आपल्याच जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे. त्यांनी १८८४ मध्ये हजारो गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. तुमच्या बाबतीत उद्या रिक्षा-टॅक्सीवाले, हॉटेलवाले, कमिशनवरून कंपन्यांशी भांडणारे दुकानदार तुमच्या बाजूनं बोलतील. बोलू द्या. त्यांचं पत्रही जोडून घ्या. फक्त मसुदा त्यांना लिहू देऊ नका.

आणि ज्याला आपण दंगल म्हणून विसरतो तीही कायदा लिहिते. १२ मे १८७५ ला सुप्यात, आपल्याच जिल्ह्यातल्या, शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. माणसं फारशी मारली नाहीत, कागद मात्र शोधून शोधून जाळले. चौकशी आयोग बसला. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं कोर्टाला अधिकार दिला की खतावर लिहिलेला आकडा शेवटचा धरायचा नाही, मुळातला व्यवहार उकरून बघायचा. लोकांनी जे जाळलं त्याच्याच मागे जायची वाट कायद्यानं काढली. तुम्ही काही जाळू नका. पण तुमच्या आयुष्यातलं 'खत' कुठलं, ते शोधा. माझ्या मते ते म्हणजे ॲपवर 'मान्य आहे' असं बोट लावून स्वीकारलेला करार, जो तुमच्यातल्या एकानंही वाचलेला नाही.

जिल्ह्यातला अगदी अलीकडचा दबावगट बघायचा तर बैलगाडावाले बघा. शहरातल्या माझ्या मित्रांना हे उदाहरण आवडत नाही, पण खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळच्या गाडामालकांकडून शिकण्यासारखं भरपूर आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. प्राणिमित्र संघटनांनी वर्षानुवर्षं चिकाटीनं लढून ते मिळवलं होतं. तीही चळवळच, विसरू नका. मग गाडामालकांनी काय केलं? रस्ता अडवला, हे आहेच. पण २०१७ च्या सुरुवातीला तमिळनाडूत जल्लिकट्टूसाठी कायद्यात दुरुस्ती झाल्यावर इथं त्याच धर्तीची दुरुस्ती करून घेतली. केंद्राच्या कायद्याला छेद जात असल्यानं राष्ट्रपतींची संमती मिळवली. उच्च न्यायालयात अडकलं तर वर गेले. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ही दुरुस्ती वैध ठरवली. नऊ वर्षं. 'आमची हौस' हा शब्द त्यांनी कागदावर कुठंही येऊ दिला नाही. देशी गोवंश, परंपरा, नियमांनी छळ कमी केला, ही भाषा वापरली. मला त्यांचं म्हणणं सगळं पटतं असं नाही. पद्धत मात्र पटते.

(हेल्मेटचंही सांगायला हवं, नाहीतर पुण्यावरचं उत्तर अपुरं राहील. मोटार वाहन कायद्यातलं हेल्मेटचं कलम आपल्या शहरानं कधी बदललं नाही, बदलायचा प्रयत्नही फारसा केला नाही. विरोधी कृती समित्या काढून ते लागूच होऊ द्यायचं नाही, एवढं जमवलं. कायद्यावर प्रभाव पाडण्याची हीसुद्धा एक रीत आहे. तुम्ही दिवसाला बारा तास दुचाकीवर असता, तेव्हा या बाबतीत शहराचं अनुकरण करू नका.)

आता कायदा झाल्यावरचं. इथं बहुतेक संघटना झोपतात, मीही झोपले आहे. विधेयक मंजूर होतं, पेढे वाटले जातात आणि खरा मजकूर, म्हणजे नियम, नंतर खात्यात बसून लिहिला जातो. तिथं पत्रकार नसतात. चळवळ नसते. ज्यांची पगारी माणसं मंत्रालयात रोज जाऊ शकतात, ते असतात. घरेलू कामगारांचं मंडळ बसायलाच वेळ गेला आणि पुढं कित्येक वर्षं ते सदस्यांविना कागदावर राहिलं. बायका नोंदणीचं कार्ड घेऊन विचारायच्या, "ताई, याचं काय करायचं?" राजस्थाननं २०२३ मध्ये तुमच्यासारख्यांसाठी देशातला पहिला कायदा केला. काही महिन्यांत सरकार बदललं आणि नियम रखडले.

उलट उदाहरण कचरावेचकांचं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत पुण्यात १९९३ मध्ये झाली. त्यांनी 'आमच्यावर दया करा' असं महापालिकेला कधी म्हटलं नाही. आम्ही किती कचरा वेगळा करतो, त्यामुळे तुमचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, हे मोजून मांडलं. आधी ओळखपत्रं, मग विमा, २००८ मध्ये 'स्वच्छ' संस्थेमार्फत दारोदारचं काम. २०१६ च्या केंद्राच्या घनकचरा नियमांत कचरावेचक कोण याची व्याख्या आली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यायचं बंधनही आलं. इथं आधी शहरात काम उभं राहिलं, देशाचा नियम मागून आला. माझ्या अनुभवात जे टिकतं ते बहुधा असंच.

तर तुमचं. तुमच्यासाठी केंद्रात सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आहे. त्यात गिग कामगार, म्हणजे तुमच्यासारखे कामापुरते पैसे मिळणारे, हा शब्द आहे, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरावेत असंही आहे. कर्नाटकानं २०२५ मध्ये स्वतःचा कायदा केला, प्रत्येक व्यवहारामागं कल्याण शुल्क घेणारा. कामगार हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा यादीत, असल्यानं महाराष्ट्रालाही करता येईल. केंद्राशी विसंगत काही असेल तिथं राष्ट्रपतींची संमती लागेल, म्हणून मसुदा लिहितानाच ती कलमं वेगळी ठेवायची. एकामुळे सगळं अडकू नये.

मंत्रालयात फाइल कामगार खात्यातून निघाली तरी वित्त आणि विधी व न्याय या दोन खात्यांत अडकते. वित्त खात्याचा एकच प्रश्न असतो: पैसे कुठून? 'सरकारनं द्यावेत' लिहिलंत की तिथंच संपलं. इथं आपल्या राज्याकडे पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी शोधलेली वाट आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यात मालक मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, मंडळात भरतो आणि मंडळ हमालाला देतं. मंडळात सरकार, मालक, कामगार तिघेही. तिजोरीवर बोजा नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं पाठीवर पोती वाहणाऱ्यांना कायद्यात कामगार म्हणून उभं केलं. तुमच्या पाठीवर पिशवी आहे, एवढाच फरक. मात्र माथाडींचं दुसरं टोकही बघा: चाकण-रांजणगावात माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या निघाल्या, आणि २०२३ मध्ये कायदा बदलायचं विधेयक आलं तेव्हा उद्योजकांच्या हातात तोच मुद्दा होता. तुमच्या संघटनेच्या नावानं कुणी हॉटेलवाल्याकडून शंभर रुपये मागितले, तर त्याला त्याच दिवशी काढा.

चौदा मागण्यांच्या तीन करा. मला विचाराल तर: अपघाताची भरपाई, कारण व सुनावणी दिल्याशिवाय ॲपवरचा आयडी बंद न करणं, आणि व्यवहारामागं लेव्ही. दर ठरवण्याचं भांडण नंतर. त्यावर पहिल्याच दिवशी बसलात तर कंपन्या या तिन्हींवरही बोलणार नाहीत.

मग पन्नास जणांनी एक महिना वही ठेवा. लॉगिनचे तास, ऑर्डरी, किलोमीटर, पेट्रोल, हातात आलेले पैसे, थांबायला लागलेला वेळ. स्क्रीनशॉट तारखेसह. पक्ष न बघता शहरातल्या प्रत्येक आमदाराला ही वही आणि एका पानाचं टिपण द्या. सत्तेतला असेल तर खात्याकडे पत्र मागा, विरोधातला असेल तर तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात मंत्र्यानं उत्तर द्यायचा. प्रश्नाला लेखी उत्तर येतं आणि ते उत्तर पुढं कोर्टातही उपयोगी पडतं. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारानं स्वतः मांडायचं, ते मांडायला कुणी तयार झाला तर उत्तम. ते मंजूर होणार नाही, पण तुमचा मसुदा छापील स्वरूपात सभागृहात येईल. तेवढ्यासाठीच ते करायचं. मोर्चा त्यानंतर, अधिवेशनाच्या आठवड्यात. कलेक्टर ऑफिसवर काढलात तो चुकीच्या दारावर होता असं मी म्हणणार नाही, तुम्ही एकमेकांना पाहिलंत हे कमी नाही.

आणि किती दिवस, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधान भवनावर तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा नेला. सात. सर्वोच्च न्यायालयानं ती प्रथा रद्द केली २०१७ मध्ये. तुम्ही चारशे आहात आणि मोबाइल हातात आहे, एवढा वेळ लागणार नाही, पण सहा महिन्यांत होईल असंही कुणाला सांगू नका. पोरं सहा महिने थांबतात आणि मग तुमच्यावरच चिडतात.

पुढच्या रविवारी येताना वह्या नसल्या तरी चालतील, त्या महिनाभर चालू देत. पहिलं कलम तेवढं लिहून आणा: 'कामगार' म्हणजे कोण. चार-पाच ओळींत, तुमच्या भाषेत, मी कायद्याच्या भाषेत करीन. लिहिताना तुमच्या ग्रुपमधला जो मुलगा मित्राच्या आयडीवर आणि भावाच्या गाडीवर काम करतो, तो त्या ओळींत बसतोय का, एवढं मात्र तपासून आणा.